वर्गातला राग आणि घरातले शब्द

पालकसभेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात उभे राहिले की काही वाक्ये हमखास कानी पडतात. ‘मुलगा हुशार आहे हो, पण उलट बोलतो.’ ‘सहावीपर्यंत काही तक्रार नव्हती, आठवीत गेला आणि बिघडला.’ ‘मुलगी आधी किती हसतमुख होती, आता वर्गात तोंडच उघडत नाही.’ आई-वडील खाली मान घालून ऐकतात. घरी पोहोचेपर्यंत तक्रार बाजूला पडते आणि मनात एकच गोष्ट उरते, की याच्यामुळे चारचौघांत आपल्याला ऐकून घ्यावे लागले. मग बहुतेक घरांत पुढचा क्रम ठरलेला असतो. आधी ओरडा, मग चुलत भावाशी तुलना, मग मोबाईल काढून घेणे आणि शेवटी ‘नमाज पढत नाहीस, म्हणून हे असे होते!’ नमाजची आठवण करून देणे हे आई-वडिलांचे कामच आहे. पण ती आठवण नेहमी शिक्षेच्या जोडीनेच आली, तर मूल नमाज आणि अपमान या दोन गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून ठेवते.

या वयातल्या वागण्याकडे नीट पाहणे का गरजेचे आहे? आपल्या मोहल्ल्यांतून आठवी-नववीत शाळा सोडून गॅरेजात किंवा दुकानावर जाणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. त्यांतल्या अनेकांची शाळा गरिबीमुळे सुटते, हे खरे. पण काहींची सुटते ती रोजच्या बोलण्यांमुळे. ‘हा वाया गेलेला’ असा शिक्का एकदा बसला की मुलगाही तो शिक्का खरा करून दाखवायला लागतो. शिक्षक त्याच्याकडून काही अपेक्षा ठेवत नाहीत, घरचेही ठेवत नाहीत, आणि मग त्याला वर्गात बसण्यापेक्षा बाहेर उभे राहणे सोपे वाटते. हे सगळे एका दिवसात घडत नाही. दोन-तीन वर्षे रोज थोडे थोडे घडते. म्हणूनच ते थांबवायला वेळही मिळतो.

अभ्यासाची हुशारी आणि मनाची हुशारी

‘भावनिक बुद्धिमत्ता’ हा शब्द आता शिक्षकांच्या प्रशिक्षणात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि व्याख्यानांत सगळीकडे ऐकू येतो. पीटर सॅलोवे आणि जॉन मेयर या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली या नावाचा लेख लिहिला. 1995 साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने तो शब्द जगभर पोहोचवला. अर्थ साधा आहे. स्वतःच्या आणि समोरच्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखणे, ते कशामुळे चालले आहे ते समजणे आणि मग त्या भावनेच्या हातात लगाम न देता वागणे. या शब्दाभोवती पुढे बाजार उभा राहिला, महागडी शिबिरे निघाली. त्यांत जाण्याची गरज नाही. हे शिक्षण स्वयंपाकघरात आणि वर्गात, फुकटच होते.

त्याचा अभ्यासाशी संबंध नाही असे मात्र कुणी समजू नये. 2011 साली जोसेफ डर्लाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळांमधल्या अशा 213 उपक्रमांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांत बालवाडीपासून बारावीपर्यंतचे दोन लाख सत्तर हजारांहून अधिक विद्यार्थी होते. भावना ओळखायला आणि हाताळायला शिकलेल्या मुलांचे वर्गातले वागणे सुधारले, त्याचबरोबर अभ्यासातली प्रगतीही इतरांच्या तुलनेत वर गेली. कारण उघड आहे. मधल्या सुट्टीत झालेला अपमान ज्याच्या डोक्यात घुमत असतो, त्याला पुढच्या तासाचे समीकरण दिसत असले तरी उमगत नाही.

साठ डोळ्यांसमोर

तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला घरात एकटे गाठून काही सांगितले तर तो बऱ्याचदा ऐकतो. तेच वर्गात सांगितले तर उसळतो. शिक्षकांना हा उद्धटपणा वाटतो. खरे तर तो त्या क्षणी शिक्षकांशी बोलतच नसतो. मागच्या बाकांवरून त्याच्याकडे पाहणाऱ्या साठ डोळ्यांशी तो बोलत असतो.

या वयात मेंदूतला भावनांचा भाग जोरात चालू झालेला असतो. कपाळामागचा, थांबून विचार करणारा भाग मात्र विशी उलटून काही वर्षे जाईपर्यंत पक्का होत राहतो. त्यात सोबती पाहत असले की पारडे आणखी झुकते. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ होता. दिवा पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे दामटायची हे खेळणाऱ्याने ठरवायचे, वेळेत थांबली नाही तर अपघात. तेरा ते सोळा वर्षांची मुले, तरुण आणि प्रौढ अशा तिन्ही गटांतल्या काहींना एकटे खेळायला दिले, काहींना बरोबरीच्यांसमोर. प्रौढांच्या खेळात सोबतीने फारसा फरक पडला नाही. किशोरवयीन मुलांनी मात्र सोबती पाहत असताना कितीतरी जास्त धोका पत्करला.

वर्गात नेमके हेच घडते. सरांनी सर्वांसमोर ‘तुझ्या बापाने कधी पुस्तक पाहिले होते का?’ असे म्हटले, तर त्या मुलापुढे दोनच वाटा उरतात. खाली मान घालून वर्गाच्या नजरेत लहान व्हायचे, किंवा काहीतरी फटकन बोलून वर्गाला हसवायचे आणि शिक्षा भोगायची. चौदाव्या वर्षी मोठ्या संख्येने मुले दुसरी वाट धरतात. इज्जत हा शब्द आपण मोठ्यांनी स्वतःपुरता राखून ठेवला आहे. मुलालाही ती असते, आणि या वयात तर जरा जास्तच.

नक्कल करणारा मुलगा

प्रत्येक वर्गात एक नकलाकार असतो. तो सरांची चाल, बाईंचे बोलणे, मुख्याध्यापकांचे खाकरणे हुबेहूब करून दाखवतो. अशा मुलांबद्दल विचार करताना हजरत अबू महजूरा (रजि.) यांची हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. हदीसच्या ग्रंथांत ती स्वतः त्यांच्याच तोंडून आलेली आहे.

हुनैनच्या युद्धानंतरची गोष्ट. प्रेषित मुहम्मद (स.) परतीच्या वाटेवर होते. वाटेत मुक्काम पडला आणि मुअज्जिनने अजान दिली. जवळच मक्केच्या काही तरुणांचे टोळके होते. त्यांच्या मनात इस्लामबद्दल प्रेम नव्हते. त्यांनी अजानची मोठमोठ्याने नक्कल करून टवाळी सुरू केली. प्रेषितांनी (स.) त्यांना बोलावून घेतले. एवढा चढा आवाज कुणाचा होता, असे विचारले. सोबत्यांनी अबू महजूरांकडे बोट दाखवले, आणि ते खरेच बोलत होते. बाकीच्यांना जाऊ दिले, या एकाला थांबवले.

इथे क्षणभर थांबून आपण काय केले असते, याचा विचार करावा. धर्माची चेष्टा करणारा मुलगा, तोही रंगेहाथ सापडलेला! प्रेषितांनी (स.) त्याला उभे केले आणि अजान द्यायला सांगितले. एकेक वाक्य स्वतः शिकवले. शिकवून झाल्यावर थोडी चांदी असलेली थैली दिली, त्याच्या कपाळावर, चेहऱ्यावर, छातीवर हात फिरवला आणि बरकतीची दुआ केली. अबू महजूरा सांगतात की मनात जो तिरस्कार होता तो त्या हाताखाली विरघळून गेला. त्यांनी स्वतःहून मक्केत अजान देण्याची परवानगी मागितली आणि ती मिळाली. पुढे पिढ्यान्‌पिढ्या हे काम त्यांच्या घराण्यात राहिले.

या हकीकतीतला बारकावा शिक्षकांनी आणि पालकांनी लक्षात घ्यावा. टवाळीतही आवाज चांगला आहे, हे आधी ओळखले गेले. सोबत्यांचे टोळके दूर केले गेले आणि मग बोलणे झाले. चेष्टेची शिक्षा म्हणून नव्हे, तर त्या आवाजाला साजेसे काम म्हणून अजान त्याच्या हाती आली. वर्गातल्या नकलाकाराला स्नेहसंमेलनाचे सूत्रसंचालन द्यावे, सकाळच्या परिपाठात बातम्या वाचायला उभे करावे. बाकावर उभे करण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो, हे अनुभवी शिक्षक सांगतील.

दुसरी एक हकीकत तर सरळ सरळ शिकवण्याबद्दलचीच आहे. सहीह मुस्लिममध्ये मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) सांगतात की ते नवखे असताना जमातच्या नमाजमध्ये कुणाला तरी शिंक आली आणि हे मोठ्याने दुआ बोलून गेले. लोक रोखून पाहू लागले, तेव्हा हे आणखी बोलले. लोकांनी मांड्यांवर हात मारून त्यांना गप्प केले. नमाज संपल्यावर प्रेषितांनी (स.) त्यांना रागावले नाही, मारले नाही, वाईट शब्द वापरला नाही. नमाजमध्ये माणसांशी बोलायचे नसते, ती अल्लाहच्या स्तुतीसाठी आणि कुरआन पठणासाठी असते, एवढेच समजावले. असा शिक्षक आपण ना आधी पाहिला ना नंतर, अशी साक्ष हे सहाबी देतात. चूक झाली होती, ती सांगितलीही गेली. पण सांगण्याची वेळ नमाज संपल्यानंतरची होती आणि शब्द मोजके होते.

‘का केलंस?’ हा प्रश्न

हजरत अनस बिन मालिक (रजि.) सुमारे दहा वर्षांचे असताना प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. म्हणजे आपण ज्याला किशोरवय म्हणतो ते अख्खे त्यांचे त्या घरात गेले. ते सांगतात की या काळात आपल्याला कधी ‘उफ्’ ऐकावे लागले नाही. केलेल्या कामाबद्दल ‘हे का केलेस’ आणि न केलेल्या कामाबद्दल ‘हे का नाही केलेस’ असा प्रश्न आला नाही.

ते काही अगदीच गुणी बाळ नव्हते. एकदा त्यांना कामाला पाठवले तेव्हा ‘मी नाही जाणार’ असे ते तोंडावर म्हणाले. जायचे मनात होते, पण तोंडातून नकार गेला. ज्यांच्या घरात तेरा वर्षांचे मूल आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बाहेर पडल्यावर बाजारात मुले खेळत होती, अनस तिथेच रेंगाळले. थोड्या वेळाने मागून कुणीतरी हळूच मान धरली. वळून पाहिले तर प्रेषित (स.) हसत होते. लाडाने हाक मारून त्यांनी विचारले, सांगितले तिथे गेलास का? अनस म्हणाले, होय, निघालोच. कामही झाले आणि पोराची इज्जतही राहिली.

‘का केलंस?’ हा प्रश्न दिसायला साधा असतो, पण मुलाला तो आरोपच वाटतो. शिवाय खरे कारण त्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसते. त्यामुळे उत्तर एक तर ‘माहीत नाही’ असे येते किंवा खोटे येते. त्याऐवजी ‘काय झालं ते सांग’ म्हणून पाहावे. शाळेतून तक्रार आली त्या संध्याकाळी लगेच न विचारता, जेवण झाल्यावर, भावंडे झोपायला गेली की विचारावे. बाप आणि मुलगा मोटारसायकलवरून जात असतील तर आणखी बरे. समोरासमोर डोळ्यांत पाहून जे बोलता येत नाही, ते पाठीमागे बसून सहज बोलले जाते.

दोन शब्दांची गरिबी

नववीच्या मुलाला विचारा, आज कसे वाटले? उत्तर दोनांपैकी एक येईल. ‘बोअर झालं’ किंवा ‘राग आला’. इंग्रजी माध्यमातला असेल तर ‘ओके’. परीक्षेची भीती, मित्राने दुसऱ्याला जवळ केल्याचा हेवा, नवे बूट नसल्याची लाज, फळ्यावरचे अक्षर दिसत नसल्याची घालमेल, हे सगळे ‘राग’ या एकाच डब्यात भरले जाते. मग प्रत्येकावर उपायही एकच उरतो, आदळआपट.

भावनेला नेमके नाव दिले की तिचा जोर उतरतो. कॅलिफोर्नियातल्या मॅथ्यू लीबरमन यांच्या 2007 सालच्या अभ्यासात हे मेंदूच्या चित्रणातून दिसले. भावना दाखवणारे चेहरे पाहताना लोकांनी त्या भावनेसाठी शब्द निवडला, तेव्हा मेंदूतल्या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झाली.

आपल्या घरांत तर शब्दांची श्रीमंती आहे. शाळेत मराठी, घरात उर्दू किंवा दखनी, कोकणात कोकणी बोली, मक्तबात अरबी. ‘मेरेकू गुस्सा आया’ म्हणणाऱ्या मुलाला त्याच घरातले शब्द हळूहळू देता येतात. गुस्सा की बेइज्जती? घबराहट की शर्मिंदगी? जलन की मायूसी? मराठीत म्हणायचे तर राग आला, की वाईट वाटले, की धास्ती वाटली, की खजील झालास? हे पाठांतरासारखे शिकवायचे नसते. अम्मीने भाकरी भाजता भाजता ‘आज माझी चिडचिड होतेय, खरं तर रात्री झोप झाली नाही म्हणून’ असे स्वतःबद्दल म्हटले, तरी मुले ऐकत असतात. अब्बांनी ‘दुकानात आज गिऱ्हाईक चारचौघांत बोलून गेलं, अपमान वाटला’ असे म्हटले, तर मुलाला प्रथमच कळते की हे बापालाही होते.

मुलांनी, विशेषतः मुलग्यांनी रडू नये, हा आपल्याकडचा हट्ट. प्रेषितांचे (स.) तान्हे पुत्र इब्राहीम यांचे निधन झाले तेव्हा त्यांचे डोळे सर्वांदेखत भरून आले होते. एका सहाबींना आश्चर्य वाटले, तेव्हा ही दयाच आहे असे त्यांनी सांगितले. सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अलै.) मुलाच्या दुःखाने डोळे गमावेपर्यंत रडले, आणि तरीही कुरआन त्यांच्याच तोंडी उत्तम सब्रचा शब्द घालतो. म्हणजे सब्र करणे आणि दुःख लपवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरात मात्र ‘सब्र कर’ याचा अर्थ पुष्कळदा ‘गप्प बस’ एवढाच होतो.

राग खरा असतो तेव्हा

आता जरा अवघड गोष्ट. वर्गात कुणी मुलाच्या नावावरून, डब्यातल्या जेवणावरून, बहिणीच्या स्कार्फवरून काही बोलते. क्रिकेटचा सामना झाला किंवा टीव्हीवर काही बातमी आली की एखादा वात्रट ‘तुमच्या देशात जा’ म्हणतो. सगळ्या शाळांत हे होते असे नाही, आणि अशा वेळी आपल्या मुलाच्या बाजूने उभे राहणारे हिंदू मित्र आणि शिक्षकही अनेकांनी अनुभवले आहेत. पण होते, तेव्हा मूल हात उचलते आणि शाळेच्या नोंदीत फक्त तो उचललेला हात राहतो.

घरी यावर दोन सल्ले मिळतात. आई म्हणते, ‘आपल्याला शिकायचंय, कानाडोळा कर.’ मामा म्हणतो, ‘अजून दोन ठेवून द्यायच्यास!’ पहिल्या सल्ल्याने मुलाला वाटते की आपल्या अपमानाची घरातही किंमत नाही. दुसऱ्याने त्याचे नाव शाळेतून कमी होण्याची वेळ येते. त्याला सांगायचे ते असे, की तुला राग आला हे बरोबर होते, हात उचललास हे चूक होते. दोन्ही वाक्ये सांगायची, आणि याच क्रमाने. कुस्तीत दुसऱ्याला लोळवणारा नव्हे, तर रागाच्या वेळी स्वतःला आवरणारा खरा पहिलवान, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रत्येक घरात माहीत असते. त्यात रागच येऊ नये असे कुठे म्हटलेले नाही. राग आला तर उभे असलेल्याने बसावे, तरी गेला नाही तर आडवे व्हावे, हा उपायही हदीसमध्येच आहे. वर्गात आडवे होता येत नाही. पण बाकावर बसून राहणे, पाणी प्यायला परवानगी मागणे, तोंडावर पाणी मारून येणे एवढे जमते. शरीराची स्थिती बदलली की चार क्षण मिळतात, आणि तेवढे पुरतात.

त्यानंतर मोठ्यांचे काम सुरू होते. कोण, कोणत्या तासाला, नेमके काय बोलले, कुणी ऐकले, हे वहीत तारखेसह लिहून ठेवावे. आधी वर्गशिक्षकांना भेटावे, मग गरज पडल्यास मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. मुलाला हे सारे दिसले पाहिजे, म्हणजे त्याच्या हाताला काम उरत नाही.

आणि एक आरसा आपल्या घरातही लावायला हवा. सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत एका गटाने दुसऱ्या गटाची टवाळी करण्यास आणि एकमेकांना वाईट नावे ठेवण्यास मनाई आहे. आपल्या दिवाणखान्यात इतर धर्मांच्या, जातींच्या, बिरादरीच्या लोकांबद्दल जे शब्द सहज उच्चारले जातात, तेच शब्द आपली मुले वर्गात घेऊन जातात. काळ्या, जाड्या, तोतऱ्या अशी टोपणनावेही बहुधा घरातच जन्मतात.

शांत मुलगी, झोपाळू मुलगा

गडबड करणाऱ्याची तक्रार येते. गप्प राहणाऱ्याची येत नाही. विशेषतः मुलगी गप्प झाली तर तिला समंजस, गुणी अशी पदवी मिळते. सातवीपर्यंत हात वर करणारी मुलगी नववीत शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसते, तेव्हा तिलाही काहीतरी सांगायचे असते. मासिक पाळीच्या दिवसांत शाळेत स्वच्छतागृहाची अडचण असते, येता-जाता कुणी त्रास देत असते, दहावीनंतर शिकवणार की स्थळे पाहणार हे घरातल्या कुजबुजीतून तिच्या कानावर आलेले असते. तिच्या अबोलपणाचे कौतुक करणारे आपण त्यावर एक प्रकारे कुलूपच लावतो.

काही वेळा तर प्रश्न मनाचा नसतोच. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून शेजाऱ्याच्या वहीत डोकावणारा मुलगा ‘बोलका’ ठरतो. वाचताना अक्षरे अडखळतात म्हणून धडा वाचायची पाळी आली की मुद्दाम विनोद करून वर्गाबाहेर जाणारी मुले असतात. बाहेर उभे राहणे त्यांना सुटकाच वाटते. डोळे, कान आणि वाचनाची अडचण आधी तपासून घ्यावी.

झोपेचेही तसेच. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि या वयात शरीराचे घड्याळच असे सरकते की रात्री लवकर झोप येत नाही. आपल्या मुलांचा दिवस पाहा. फजर, मक्तब, शाळा, शिकवणी, त्यावर रात्रीचा मोबाईल. रमजानमध्ये तरावीहनंतर साडेअकराला पाठ टेकली आणि साडेचारला सहरीला उठले, तर सकाळच्या शाळेतल्या तिसऱ्या तासाला तो मुलगा कुणावर खेकसणार नाही तर काय करणार? रोजाने सब्र येतो, हे त्याला रोज सांगितले जाते. पाच तासांच्या झोपेने काय येते हे कुणी सांगत नाही. दुपारी शाळेतून आल्यावर तासभर झोपू द्यावे. त्या महिन्यात शिकवणीची वेळ बदलून घ्यावी. वर्गशिक्षकांना रमजान सुरू होण्याआधीच चार ओळींची चिठ्ठी द्यावी. बहुतेक शिक्षक ते समजून घेतात, कारण त्यांना कुणी आजवर सांगितलेलेच नसते.

मूल आठवडेच्या आठवडे खात नसेल, झोपत नसेल, स्वतःला इजा करत असेल किंवा जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नये. झाडफूक आणि ताविजात महिने घालवू नयेत. सरकारच्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. मुलाला कुणी त्रास देत असेल तर 1098 या क्रमांकावरही मदत मिळते.

शिक्षकांकडे जाताना

शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 नुसार मुलाला मारणे जसे मना आहे, तसाच त्याचा मानसिक छळही मना आहे. सर्वांसमोर आई-बापावरून, धंद्यावरून, धर्मावरून बोलणे त्यात येते. पालकांना हे ठाऊक असावे. पण पहिल्याच भेटीत कायदा काढू नये. पन्नास-साठ मुलांचा वर्ग, त्यावर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, अशा धबडग्यात शिक्षकांचाही पारा चढतो. ‘छडी लागली तरी चालेल, हाडं आमची, चामडी तुमची’ असे सांगणारे पालकही आपल्यात अजून आहेत. त्यांनी तर शिक्षकांना मोकळीक देऊन मुलाचा शेवटचा आधारही काढून घेतलेला असतो.

जाताना दोघांनीही जावे. आपल्याकडे पालकसभा हे आईचेच काम झाले आहे, आणि वडील फक्त दाखला काढायच्या वेळी शाळेत दिसतात. तक्रार पूर्ण ऐकून घ्यावी, मध्ये मुलाची वकिली करू नये, पण त्याला तिथेच चारचौघांत थप्पडही मारू नये. मग शिक्षकांना एक प्रश्न विचारावा: ‘सर, तो कोणत्या तासाला नीट वागतो?’ बहुतेक वेळा शिक्षक क्षणभर थांबतात. मग आठवून सांगतात की चित्रकलेच्या तासाला त्याचा काही त्रास नाही, किंवा प्रयोगशाळेत साहित्य लावायला तोच पुढे असतो, किंवा पाय मोडलेल्या वर्गमित्राचे दप्तर महिनाभर त्यानेच उचलले. त्या तासाला काय वेगळे असते, हे मग दोघांनी मिळून शोधता येते. तक्रारीबद्दल मुलाशी रात्री एकट्याने बोलावे. दप्तराची गोष्ट मात्र त्याच दिवशी दस्तरखानवर, दादी आणि भावंडांच्या देखत, सरांच्याच शब्दांत सांगावी.